कोल्हापूरचा समुद्र

शिवाजी पेठेत राहणारा माणूस आरमारावर लिहितो म्हटल्यावर निवृत्ती चौकातली मंडळी हसतात. आमचे पाणी म्हणजे रंकाळा, फार तर पंचगंगा. समुद्र दीडशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे. पण करवीरच्या गादीचे आरमार होते आणि मालवण हे त्याचे बंदर होते.

कोरियातील थोंगयाँग शहराचे नावच आरमाराच्या मुख्य ठाण्यावरून पडले आहे. १५९२ मध्ये यी सुन-शिन यांनी जपानी आरमार जिथे बुडवले, ते हान्सान बेट तिथून जवळच. बेटे आणि चिंचोळ्या वाटा हेच तिथले अर्धे सैन्य. मालवणलाही तेच काम खडकांनी केले. भरतीत ते पाण्याखाली जातात आणि वाट ठाऊक नसलेल्या जहाजाचा तळ फुटतो. अशा खडकांत वसलेल्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला. पाठराखणीला पद्मगड, राजकोट आणि कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट. शिवाय बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. वेढ्यात त्यांचे मोल तोफेहून कमी नव्हते.

इंग्रजी कागदांत करवीरच्या या दर्यावर्दींना सरसकट चाचे म्हटले आहे. लुटालूट होत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु समुद्रावर परवाने देण्याचा आणि परवाना नसलेले जहाज धरण्याचा हक्क कंपनीही सांगत होतीच. १७६५ मध्ये कंपनीने सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी महाराणी जिजाबाईंशी तह करून, पैसे घेऊन तो परत केला. चाच्यांशी कोणी तह करते का? कंपनीच्या या एका व्यवहारात तिच्याच शब्दाचे उत्तर आहे, असे मला वाटते. तरीही आपल्याकडे तो शब्द बिनदिक्कत वापरला जातो.

पुढे पेशवे, पटवर्धन आणि निपाणकर यांच्याशी झगडताना करवीरची दमछाक झाली. त्या लढाया सगळ्या घाटावरच्या, पण त्यांची किंमत किनाऱ्याने मोजली. ऑक्टोबर १८१२ च्या तहाने कंपनीचे संरक्षण मिळाले. त्याबदल्यात चिकोडी-मनोळीवरचा हक्क सुटला, मालवण बंदर किल्ल्यांसह गेले आणि यापुढे लढाऊ जहाजे बाळगणार नाही, असेही तिसऱ्या शिवाजी महाराजांना लिहून द्यावे लागले.