ऐकतान: कोलकात्यातील हौशी समूहवादन आणि लिपीचा प्रश्न

३१ जुलै १८५८ रोजी कोलकात्यातील बेलगाछिया येथे, पाइकपाड्याच्या राजांच्या उद्यानगृहात, रामनारायण तर्करत्नांच्या ‘रत्नावली’चा प्रयोग झाला. साहित्येतिहासात तो मुख्यतः मायकेल मधुसूदन दत्तांमुळे नोंदला जातो. इंग्रज पाहुण्यांसाठी त्यांनी या नाटकाचे भाषांतर केले आणि त्या अनुभवातून ते ‘शर्मिष्ठा’कडे वळले. याच प्रयोगासाठी विष्णुपूर परंपरेतील क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी वाद्यमेळ उभा केला होता, याकडे मात्र साहित्याभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. अशा समूहवादनाला बंगालीत ‘ऐकतान’ हे नाव रूढ झाले.

रागसंगीत गुरुमुखातून शिकायचे. परंतु चार हौशी वादकांना एकच गत एकाच वेळी वाजवायची असेल, तर ती कोणीतरी कागदावर निश्चित करावी लागते. बंगालमधील आरंभीची स्वरलिपी या गरजेतूनही घडली. कृष्णधन बंद्योपाध्याय यांचे ‘बंगैकतान’ (१८६७) पाश्चात्त्य स्वरलेखनात होते. गोस्वामींनी त्याच सुमारास ऐकतानाच्या गती बंगाली स्वराक्षरांत छापल्या. त्यांच्या ‘दंडमात्रिक’ पद्धतीत स्वराक्षरावरील उभ्या रेघा मात्रा दाखवितात. या लिपीत स्वर लिहिला जातो, वाद्य नव्हे. तीच ओळ सतारीने तुटक आघातांनी वाजवावी, बासरीने एका श्वासात, व्हायोलिनने गजाच्या ओढीने. टेलेमानच्या काळात युरोपातही बासरी किंवा व्हायोलिन यांपैकी काहीही चालेल, अशी मुभा मुखपृष्ठावर छापली जाई; मात्र सुसंवादावर उभ्या रचनेत मधला एक आवाज गळला की पोकळी जाणवते. ऐकतानात मूळ सूर सर्वांचा एकच असल्याने एखादा वादक न आल्यास रचना मोडत नसे. नवशिक्याला ही सोय मोठी होती. तिची किंमतही होती: आलाप, जो एकट्याचाच असतो, त्याला येथे जागा उरली नाही.

१८७१ मध्ये शौरींद्रमोहन टागोर यांनी संगीतविद्यालय स्थापन केले, तेव्हा लिपीची निवड शिक्षणाचाही प्रश्न बनली. शाळानिरीक्षक चार्ल्स बॅरन क्लार्क (हे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून अधिक परिचित) यांनी १८७४ मध्ये पाश्चात्त्य लेखनाचा पुरस्कार केला. शौरींद्रमोहनांनी त्याच वर्षी उत्तर दिले. या वादाकडे केवळ राष्ट्राभिमानाचा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. पाश्चात्त्य लेखनात स्वरांचा चढउतार डोळ्यांना दिसतो, हे खरेच; पण अक्षरओळख झालेल्या बंगाली मुलाला स्वराक्षरे वाचण्यासाठी थोड्याच नव्या खुणा शिकाव्या लागत. संगीत कोणाला वाचता यावे, हा त्यातला खरा मुद्दा होता.

मराठीत लिपीची वाट निराळी पडली. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकाच्या केंद्रस्थानी गाणारा नट राहिला आणि साथ त्याच्या मागून चालली, बंगाली रंगभूमीवर व जात्रेत मात्र नाटकापूर्वीचे ‘कन्सर्ट’ स्वतंत्रपणे रुजले. भातखंडे १९०७ च्या प्रवासात कोलकात्यात शौरींद्रमोहनांना भेटले होते. पुढे त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’तील लेखनाचा हेतू बंदिशी जपणे व शिकविणे हा राहिला, अनेकांनी मिळून वाजविणे हा नव्हे.

ऐकतानाचा धागा पुढे कोलकात्याबाहेर गेला. अल्लाउद्दीन खाँ यांनी तारुण्यात तेथील रंगभूमीशी निगडित वादक हाबू दत्त यांच्याकडे अनेक वाद्ये शिकली. १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानात साथीच्या रोगाने अनाथ झालेल्या मुलांना त्यांनी एकत्र वाजवायला शिकविले. त्या वाद्यवृंदात सतारी, सारंगी व व्हायोलिन यांच्या शेजारी बंदुकीच्या नळ्यांपासून बनविलेला नलतरंगही होता.