अर्ध्या इंचाचा हिशेब

आमच्या गावात पाणीपट्टी नळाच्या मापावर लागते. अर्धा इंची कनेक्शन, वर्षाचा ठरलेला आकडा. मग टाकी भरून वाहू द्या नाहीतर दोन हंडे भरा, पावती तीच!

ही पद्धत रोमइतकी जुनी आहे. इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने फ्रंटिनसला शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. तिथे खासगी नळ सम्राटाच्या परवानगीने मिळायचा आणि पाणी मोजायचं ते काशाच्या तोटीच्या तोंडावरून. तोटीवर सरकारी शिक्का. या गृहस्थाने मापं तपासली, तर काय निघालं? शिक्क्यापेक्षा मोठ्या तोट्या, काही बिनशिक्क्याच्या, कुठे तोटी बरोबर पण तिला लागूनच जाड नळी. हात ओले झालेले ते पाणीखात्यातल्याच माणसांचे! वेगाने येणारं पाणी त्याच तोंडातून जास्त जातं, हेही त्याने लिहून ठेवलंय.

आपण तो वेग विकत आणतो, नळाला मोटर लावून. लाइनीतल्या शेवटच्या घरी मग नुसती हवा. पट्टी मात्र सारखी. कराडशेजारच्या मलकापूरने घरोघर मीटर लावले, २४ तास पाणी दिलं, जास्त वापराला चढा दर ठेवला. आमच्याकडे मीटरचं नाव काढलं की पहिले ओरडतात ते मोटरवाले.