जुन्या छायाचित्रांतील मालवाघिणी : ओळख आणि प्रतिकृती

व्यापाराचा इतिहास लिहिताना पेढ्या, बाजारपेठा, हुंड्या आणि चोपड्या यांचा उल्लेख होतो. ज्या वाहनाने तो माल गावोगाव पोहोचविला त्या वाहनाची नोंद मात्र क्वचितच आढळते. इंग्रजी 'वॅगन' या शब्दाला मराठी माणसाने 'वाघीण' हे नाव दिले व ते भाषेत कायमचे रुजले. धान्य, मीठ, गूळ, कापूस, रॉकेल, कापडाच्या गाठी हे सारे शंभर वर्षांहून अधिक काळ या वाघिणींतून आले-गेले. मेल गाड्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली, पण मालवाघिणींचे वर्णन कोणी लिहून ठेवले नाही. आज त्यांची ओळख पटविण्याचे मोठे साधन उरले आहे, ते म्हणजे जुनी छायाचित्रे.

अकोले तालुक्यात लोहमार्ग आला नाही. राजूर-भंडारदरा परिसराला रेल्वे भेटते ती घाट उतरून घोटी-इगतपुरीकडे. थळ घाटातील मार्ग १८६५ साली खुला झाला आणि मुंबईचा माल थेट घाटमाथ्यावर येऊ लागला. जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूस दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), बेलापूर, कोपरगाव या पेठा रेल्वेला जोडल्या गेल्या. ज्या गावात रूळ नाहीत त्या गावाचा मालही कोठल्या तरी मालधक्क्यावर उतरत होता आणि तेथून बैलगाडीने पुढे जात होता. म्हणून वाघिणीची गोष्ट रूळ नसलेल्या गावांचीही आहे.

अक्षरे आणि आकडे

कापडाच्या गाठीवर जसा मार्का, नंबर आणि वजन असते, तसेच वाघिणीच्या अंगावरही असते. मालक रेल्वेची आद्याक्षरे, वाघिणीचा क्रमांक, रिकाम्या वाघिणीचे वजन, तिच्यात किती माल भरता येतो तो आकडा आणि मोठ्या दुरुस्तीची तारीख या गोष्टी रंगवलेल्या असत. खालच्या चौकटीवर बहुधा कारखानदाराच्या नावाची व वर्षाची धातूची पाटी असे. छायाचित्र चांगले असेल तर भिंगाखाली यांतील निदान एक-दोन गोष्टी वाचता येतात.

आद्याक्षरांवरून काळ काढण्याची रीत सोपी आहे. 'जी. आय. पी.' ही अक्षरे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही रेल्वे, निजाम स्टेट रेल्वे आणि इतर काही रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. त्याच दिवशी बी. बी. सी. आय. रेल्वे पश्चिम रेल्वेत गेली. त्याआधी १४ एप्रिल १९५१ रोजी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे दक्षिण रेल्वेत सामील झाली होती. दक्षिण मध्य रेल्वेचा जन्म २ ऑक्टोबर १९६६ चा. म्हणून वाघिणीवर 'सी. आर.' अशी मध्य रेल्वेची अक्षरे असतील तर ते छायाचित्र नोव्हेंबर १९५१ पूर्वीचे असूच शकत नाही. देवनागरी अक्षरे स्वातंत्र्यानंतरच्या काळाची खूण मानावीत. वजन टन आणि हंड्रेडवेटमध्ये आहे की मेट्रिक मापात आहे, हेही पाहावे. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अक्षरे छायाचित्राची अलीकडची मर्यादा सांगत नाहीत. १९५१ साली रेल्वेचे नाव बदलले म्हणून हजारो वाघिणी एका रात्रीत पुन्हा रंगविल्या गेल्या नाहीत. 'जी. आय. पी.' असे लिहिलेली वाघीण नंतरही धावत असू शकते. तसेच अक्षरांवरून ठिकाण ठरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनच्या नियमांनुसार एका रेल्वेच्या वाघिणी दुसऱ्या रेल्वेच्या हद्दीत जात असत. मनमाडच्या यार्डात बंगालची वाघीण उभी असणे यात नवल नाही. या सर्व खुणांत मोठ्या दुरुस्तीची तारीख अधिक विश्वासाची होय, कारण छायाचित्र त्या तारखेनंतरचेच असणार.

बफर, चाके आणि बांधणी

अक्षरे पुसट असतील तर वाघिणीची बांधणी बोलू लागते. ब्रॉडगेजच्या जुन्या वाघिणीला टोकाशी दोन बफर आणि मध्ये स्क्रूची साखळी असे. मीटरगेजला व नॅरोगेजला मधोमध एकच बफर असे. मनमाडला हा भेद विशेष उपयोगी पडतो, कारण तेथे मुंबईकडील ब्रॉडगेज आणि हैदराबादकडून आलेले मीटरगेज, असे दोन्ही मार्ग होते. एका गेजच्या वाघिणीतला माल दुसऱ्या गेजच्या वाघिणीत हमालांकरवी बदलावा लागे. हे मीटरगेज १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाले. त्यामुळे मनमाडच्या जुन्या छायाचित्रात रूळ गवतात झाकले गेले असले, तरी बफर मोजून कोणती वाघीण कोणत्या मार्गाची हे सांगता येते.

त्यानंतर चाकांकडे पाहावे. वाफेच्या काळातील ब्रॉडगेज वाघीण बहुतेक चारचाकी असे. प्रमाणित बंद वाघिणीत सुमारे २२ टन माल मावे. आठ चाकांच्या, उंच बाजूंच्या 'बॉक्स' वाघिणी १९६० च्या सुमारास आल्या आणि हवेच्या दाबाच्या ब्रेकच्या 'बॉक्स-एन' वाघिणी १९८० च्या दशकात. लाकडी फळ्यांचे अंग जुने, पोलादी पत्र्याचे त्यानंतरचे. पत्रा रिव्हेट मारून जोडला आहे की वेल्डिंगने, हेही तीव्र प्रकाशातील छायाचित्रात दिसते, कारण रिव्हेटच्या डोक्यांची सावली ओळीने पडते.

आणखी एक घोटाळा टाळावा. वाघिणीत माणसे दिसली म्हणून तो प्रवासी डबा ठरत नाही. मोठ्या यात्रांच्या वेळी रेल्वे मालडब्यांत प्रवासी भरीत आणि त्याविषयी तक्रारी होत. उलट, राजूरसारख्या भागातील एखाद्या जुन्या छायाचित्रात रूळ आणि लहान ढकलगाड्या दिसल्या तर तेथे रेल्वे होती असे म्हणू नये. धरणे व रस्ते यांच्या बांधकामांत दगडमाती वाहण्यासाठी असे तात्पुरते अरुंद रूळ घालण्याची पद्धत होती.

छायाचित्र फसवते तेव्हा

जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ठरवू पाहणाऱ्याची हमखास फसगत होते. त्या काळच्या काचा व फिल्मना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा मात्र फार उजळ येई. घरातील आजीच्या लग्नाच्या छायाचित्रात तांबडे लुगडे काळे दिसते व निळे फिकट दिसते, ते याच कारणाने. वाघिणींना लावण्यात येणारा तांबूस तपकिरी रंग अशा छायाचित्रात काळा भासतो. सर्व रंग समजणारी फिल्म विसाव्या शतकात हळूहळू रूढ झाली. शिवाय इंग्लंडमधील कारखानदार नव्या वाघिणीचे अधिकृत छायाचित्र घेण्यापूर्वी ती मुद्दाम राखाडी रंगात रंगवीत, म्हणजे बारकावे स्पष्ट उमटावेत. ती वाघीण प्रत्यक्षात राखाडी रंगात कधी धावलीच नाही.

काच उलटी ठेवून छापलेल्या प्रतीत डावे-उजवे बदलते. अक्षरे दिसत नसतील तर ही चूक लक्षातही येत नाही. छायाचित्रामागे लिहिलेले वर्ष काही वेळा ते अल्बममध्ये चिकटविल्याचे असते. म्हणून जाणकार अभ्यासक मागील मजकूर आधी वाचीत नाहीत. प्रथम चित्रातील पुरावा मांडतात आणि मग मजकुराशी ताडून पाहतात.

छायाचित्रावरून मापे

ओळख पटल्यावर प्रतिकृती करावयाची तर मापे हवीत. ज्या वाघिणीचा आराखडा उपलब्ध नाही तिची मापे छायाचित्रावरून काढता येतात, मात्र चित्रात एक तरी माप आधीच ठाऊक असले पाहिजे. ब्रॉडगेजच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर व दोन बफरांच्या मध्यांतील अंतर १९५६ मिलिमीटर आहे. समजा, वाघीण समोरून टिपलेली आहे आणि छायाचित्रावर बफरांमधील अंतर २४ मिलिमीटर भरते. १९५६ ला २४ ने भागले की साडेएक्याऐंशी येतात. अंगाची रुंदी त्याच चित्रात ३७ मिलिमीटर असेल तर खरी रुंदी सुमारे ३०१५ मिलिमीटर ठरते. बफर कॅमेऱ्याला थोडे जवळ असल्याने ही रुंदी किंचित कमी भरते, तेवढी भर धरावी. बाजूने तिरक्या घेतलेल्या छायाचित्रात लांबी आखडून दिसते. तेथे दोन्ही टोकांच्या रेषा वाढवून त्या कोठे मिळतात ते शोधावे लागते. एकाच वाघिणीची दोन बाजूंची चित्रे मिळाली तर काम अर्ध्यावर येते.

जगभर लोकप्रिय असलेले एक प्रमाण १:८७ हे आहे. पुण्याला कोथरूड येथे कै. भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ पासून लोकांना खुले असलेले लघुरेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणातील आहे. या प्रमाणात वरील वाघीण सुमारे ३५ मिलिमीटर रुंदीची होईल. येथे भारतीय कारागिरापुढे एक अडचण उभी राहते. या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे मिळतात, ते युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहेत. आपल्या ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. तयार रुळांवर ठेवलेली आपली वाघीण पाय आवळून उभी असल्यासारखी दिसते. नवे रूळ स्वतः घडवावेत किंवा हा दोष मान्य करून प्रतिकृतीच्या पाटीवर तसे नमूद करावे, हे दोनच मार्ग उरतात.

बार्शी लाईटचा धडा

महाराष्ट्रात या अभ्यासाला सर्वांत योग्य असा विषय बार्शी लाईट रेल्वे हा होय. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी गेजचा हा मार्ग आखला. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज येथपर्यंत मार्ग वाढून त्याची लांबी सुमारे २०२ मैल झाली. कॅल्थ्रॉप यांनी प्रत्येक आसावरील भार पाच टनांपुरता मर्यादित ठेवला. इंजिन असो वा वाघीण, भार सारखाच, त्यामुळे हलके रूळ पुरले. लीड्स फोर्ज कंपनीने दाबून घडविलेल्या पोलादाच्या चौकटी तयार केल्या. सर्व मालवाघिणी २५ फूट लांब व ७ फूट रुंद अशा एकाच मापाच्या तळचौकटीवर बांधल्या गेल्या. तळ हलका असल्याने इंजिन तेवढ्याच शक्तीत अधिक माल ओढू शके.

प्रतिकृती करणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काय असणार? एका वाघिणीची तळचौकट ठाऊक झाली की इतरांची लांबी शोधावी लागत नाही. छायाचित्रावरून फक्त वरचे अंग, दारे व उंची ठरवावी. १:८७ च्या प्रमाणात ही तळचौकट सुमारे ८७.६ मिलिमीटर लांब व २४.५ मिलिमीटर रुंद होते आणि तिला ९ मिलिमीटरचे तयार रूळ जवळजवळ बरोबर बसतात. ब्रॉडगेजची अडचण येथे येत नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग विकत घेतला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या सुमारास तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. व्यापाराला आणि वारकऱ्यांना त्याचा लाभच झाला, यात शंका नाही. परंतु ज्या वाघिणींनी बार्शी-लातूरचा कापूस व धान्य वाहिले त्या बदलत्या काळात भंगारात गेल्या. आता त्यांचा शोध मुख्यत्वे आराखडे आणि छायाचित्रे यांतूनच घ्यावा लागतो.

राखण कोणी करावी

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्य पोहोचले ते रेल्वेने. १९७२ च्या दुष्काळातही दूरच्या प्रांतांचे धान्य वाघिणींतूनच आले. त्या वेळी वाफेची इंजिने धावत होती. भारतात ब्रॉडगेजवरील वाफेच्या नियमित गाड्या १९९५ साली थांबल्या. दोन्ही दुष्काळांत माणसे ज्या वाहनामुळे तगली, त्याचे रूप पुढच्या पिढीला दाखविता येऊ नये ही खेदाची गोष्ट ठरेल.

सरकारी संग्रहालये इंजिने व शाही डबे जपतात. साध्या वाघिणीचे छायाचित्र मात्र एखाद्या जुन्या पेढीच्या माडीवर, लग्नाच्या वऱ्हाडाने स्थानकावर काढून घेतलेल्या समूहचित्राच्या मागील बाजूस, किंवा तीर्थयात्रेच्या अल्बमच्या कोपऱ्यात सापडण्याचा संभव अधिक. चित्र घेणाऱ्याचे लक्ष माणसांकडे होते. वाघीण सहज मागे आली. घर बांधताना, दुकान बदलताना अशी चित्रे रद्दीत जातात व त्यांच्याबरोबर तो पुरावाही जातो.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अनेक कुटुंबांतील जुने अल्बम उघडले जात आहेत. त्यांतील स्थानकाचे, मालधक्क्याचे वा प्रवासाचे कोणतेही चित्र फेकू नये. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने ठिकाण, माणसांची नावे व ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याचे नाव लिहावे. वर्ष अंदाजाचे असेल तर 'अंदाजे' असे स्पष्ट लिहावे. चित्राच्या कडा कापून ते चौकटीत बसवू नये, कारण वाघिणीचा क्रमांक बहुधा त्या कापलेल्या कडेवरच असतो. शक्य असेल तर त्याची प्रत करून घ्यावी. घरातील वडीलधारी माणसे आज आहेत तोवर हे काम एका दुपारचे आहे. त्यांच्यामागे त्या चित्रांतील माणसे कोण, ठिकाण कोणते, हे सांगणारे कोणीही उरणार नाही.