गिरणीतील अपघात आणि भरपाईचा हक्क

कामावर जायबंदी झालेल्या मजुराला मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व भारतात 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रस्थापित केले आणि 1 जुलै 1924 पासून ते अमलात आले. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याची मागणी सुमारे चार दशके आधीच केली होती, ही गोष्ट कायद्याच्या इतिहासलेखनात जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही.

1856 मध्ये ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाल्यानंतर परळ-लालबागच्या परिसरात वाफेवर चालणारी यंत्रे वाढत गेली आणि उघड्या पट्ट्यांत व दात्यांत हातपाय सापडणे हा नित्याचा धोका बनला. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या पुढे प्रसिद्धीस आल्या, पण त्याच निवेदनात असेही मागितले होते की, कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तजवीज व्हावी. जर्मनीने अपघात विम्याचा कायदा केला तो याच वर्षी, आणि इंग्लंडने भरपाईचा कायदा केला तो 1897 मध्ये. यावरून परळच्या मजुरांची दृष्टी किती पुढची होती हे ध्यानात येते.

तत्कालीन न्यायव्यवस्थेत मात्र या मागणीला आधार नव्हता. 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्यान्वये मृताच्या कुटुंबीयांना दावा लावता येत असे, परंतु त्यासाठी प्रतिपक्षाचा दोष सिद्ध करावा लागे, आणि इंग्रजी परंपरेतून आलेले तीन बचाव मालकाच्या हाताशी असत: अपघात सहकाऱ्याच्या चुकीने घडला, कामगाराने धोका जाणूनच नोकरी पत्करली, किंवा त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत झाला. यांपैकी पहिला, म्हणजे सहकाऱ्याच्या चुकीचा बचाव, सर्वांत अन्यायकारक होता, कारण शेकडो माणसे एकत्र राबतात त्या कारखान्यात बहुतेक अपघातांत कुणा ना कुणा सहकाऱ्याची चूक दाखवता येतेच.

1923 च्या कायद्याने दोषाचा हा प्रश्नच बाजूला सारला. नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात अपघात घडला एवढे दाखवले की मालकाची जबाबदारी ठरू लागली, आणि वाद दिवाणी न्यायालयाऐवजी भरपाई आयुक्त या खास अधिकाऱ्यापुढे जाऊ लागला. प्रौढ कामगाराच्या मृत्यूसाठी तीस महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरवण्यात आली. तात्पुरत्या अपंगत्वात मात्र जास्तीत जास्त निम्माच पगार मिळे, तोही दहा दिवसांहून अधिक काळ काम बुडाले तरच. म्हणजे 1884 ची पूर्ण पगाराची मागणी अपुरीच राहिली. ही प्रतीक्षेची मुदत पुढे सात आणि नंतर तीन दिवसांवर आली.

‘नोकरीचा ओघ’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न न्यायालयांना दीर्घकाळ सोडवावा लागला. कामाची जागा फाटकापाशीच संपत नाही, प्रसंगी तिचा विस्तार मानावा लागतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये सौराष्ट्रातील मिठागराच्या खटल्यात मान्य केले, तरी सार्वजनिक होडीतून खाडी ओलांडताना बुडालेल्या मजुरांना त्याचा लाभ नाकारला. पुढे मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या खटल्यात, जोगेश्वरीच्या आगारातून काम संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघालेला चालक अपघातात मरण पावला असता, तो प्रवास नोकरीचाच भाग असल्याचा निर्वाळा बहुमताने देण्यात आला. हाच निर्णय अधिक न्याय्य म्हणावा लागेल, कारण पहाटेची आणि रात्रीची पाळी सांभाळणाऱ्या माणसाचे घरी जाणे-येणे कामापासून वेगळे काढता येत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही घर आणि कामाचे ठिकाण यांमधील प्रवासात झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, भरपाईस पात्र मानला आहे.

2009 च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातील ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला आणि मृत्यूसाठी किमान 1,20,000 व संपूर्ण कायम अपंगत्वासाठी किमान 1,40,000 रुपये ठरले. प्रत्यक्ष रक्कम पगार आणि वयानुसार ठरणाऱ्या गुणकावरून काढली जाते. जिथे राज्य कामगार विमा योजना लागू असते, तिथे मालकाऐवजी विमा महामंडळ लाभ देते. नशेत झालेली किंवा सुरक्षेची साधने मुद्दाम काढून टाकल्याने झालेली इजा भरपाईस अपात्र ठरू शकते, पण मृत्यू झाल्यास ही सबब चालत नाही. मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हाती परस्पर देऊन भागत नाही. ती आयुक्ताकडेच जमा करावी लागते, आणि महिनाभरात न भरल्यास व्याज व दंडाचा बोजा पडू शकतो. दाव्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे, आणि भरपाईचा हक्क सोडल्याच्या कोणत्याही करारावर कामगाराने सही केलेली असली, तरी तो करार कायद्याने रद्दबातल ठरतो.