वाराचा रस्ता

इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी. नागपूरच्या वस्त्यांना ही नावे आठवडी बाजारांवरून मिळाली. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ मध्ये शहर वसवले. पुढे भोसल्यांच्या काळात महाल-इतवारीच्या गल्ल्या दाटल्या. त्या गल्ल्यांचे माप माणसांचे, बैलगाड्यांचे. बाजाराच्या दिवशी जागा बाजाराची, एरवी सगळ्यांची. बैलगाडी माल उतरवून निघून जाई.

मोटार मात्र जात नाही. रात्रंदिवस तिथेच उभी. मग जागेसाठी शेजाऱ्याशी भांडण. कुणी दारासमोर कुंड्या मांडतो, कुणी दगड. पण घराच्या कागदात रस्ता नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार शासनाला दिला, घरमालकाला नव्हे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने तर जमिनीच्या मोलानुसार शुल्क घ्यावे, असे सुचवले. परदेशांतल्या अनेक शहरांत रहिवाशांना परवाने मिळतात. तिथेही परवाना म्हणजे ठरावीक जागेची हमी नसते.

आपल्याकडे उद्या परवाने आले, तरी ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचे काय? काठी टेकत जाणाऱ्या म्हातारीचे, ठेलेवाल्याचे काय? रस्त्यावर त्यांचाही वाटा आहे. जुन्या नागपूरने रस्ता पाळीपाळीने वापरला. इतवारीचे नाव रोज घेताना आपण निदान तेवढे आठवावे.