हाली की कलदार?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका आजींनी कनवटीची गाठ सोडली आणि एक रुपया सतरंजीवर ठेवला. चांदीचा, काळा पडलेला, वर चारमिनारचं चित्र. आजी म्हणाल्या, "हा हाली. माझ्या आईनं दिलेला." आजींचं माहेर गंगापूरकडचं, सासर इथलं घोडेगावचं. आमच्यातल्या कितीतरी जणींनी 'हाली' हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. म्हणून आज त्या रुपयाबद्दल बोलायचं ठरवलं.

आपल्याकडून संभाजीनगरच्या रस्त्यानं निघालं की प्रवरासंगमला गोदावरीचा पूल लागतो. एसटीत बसल्या बसल्या आपण हात जोडतो, तोवर पलीकडे कायगाव येतं. इंग्रजांच्या काळात मात्र ही नदी म्हणजे दोन राज्यांची शीव होती. अलीकडे नगर जिल्हा, तो इंग्रजांचा. पलीकडे गंगापूर, पैठण, सगळा मराठवाडा हैदराबादच्या निजामाचा. भाषा तीच, सोयरीकही होतच होती, पण रुपया वेगळा. आपल्याकडचा तो कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. राणीछाप, राजाछाप म्हणायचे तोच. पलीकडचा तो हाली सिक्का. हाली म्हणजे चालू, सध्या चालणारा. दोन्हीचे आणे सोळाच आणि आण्याच्या पै बाराच. त्यामुळे फसायला आणखी सोपं.

कारण दोन्ही रुपयांची किंमत सारखी नव्हती. सहा कलदार दिले की सात हाली मिळायचे, साधारण असा भाव. म्हणजे एका कलदाराला हाली एक रुपया, दोन आणे, आठ पै. शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. आता तुम्ही म्हणाल, हा सहा-सातचा हिशेब आला कुठून?

तो चांदीतून आला. कलदाराचं वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. हाली वजनालाही थोडा हलका, ११.१८ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली चांदीही कमी, शेकडा ८२ च्या जवळपास. गुणाकार करून बघा. कलदारात पावणेअकरा ग्रॅमच्या आत-बाहेर चांदी निघते, हालीत नऊ ग्रॅमच्या थोडी वर. सहा कलदार वितळवा नाहीतर सात हाली, चांदी जवळपास तेवढीच. आम्ही आजींचा रुपया गटाच्या हिशेबाला असतो त्या छोट्या काट्यावर ठेवून पाहिला. तोळ्याला अर्धा ग्रॅम कमीच भरला. आजी हसून म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत झिजलाय तो, माझ्यासारखा."

हा भाव रोज एकच राहत असे असंही नाही. कापसाच्या मोसमात व्यापाऱ्यांना पलीकडच्या शेतकऱ्यांना द्यायला हाली लागे, तेव्हा हाली महाग होई. मोसम सरला की उतरे. बाहेर जाणाऱ्या आपल्या कांद्याचा सौदा आजही डॉलरात होतो आणि डॉलर वर-खाली झाला की व्यापाऱ्याचा हिशेब बदलतो, तशातलाच हा प्रकार. आणि नाणं बदलून देणारा सराफ आपला वटाव कापून घेई, त्यालाच बट्टाही म्हणत. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो, तो शब्द याच सराफाच्या पेढीवरचा.

आता बाईच्या बाजूनं बघा. नाथषष्ठीला पैठणला निघालेली बाई सहा कलदार देऊन सात हाली घेणार. सात झाले म्हणून ती काही श्रीमंत झाली नाही. बदलून न घेता यात्रेतल्या दुकानात कलदार हालीच्याच भावानं दिला, तर रुपयामागं दोन आणे आठ पै गेले. लग्नाच्या बैठकीत शंभर रुपये ठरले, पण कोणते? शंभर हालीचे कलदार पंच्याऐंशी रुपये आणि अकरा आणे. चौदा रुपयांहून जास्तीचा फरक! 'हाली की कलदार' हे आधी विचारायचं भान ज्याला होतं, त्याचं नुकसान झालं नाही. आणि विचारायला बैठकीत बाया नसायच्याच.

हाली नुसता नाण्यांचा नव्हता. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा, १९१८ पासून, हैदराबादनं स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही किंमत छापलेली असे. १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक निघाली, तिच्याकडे हे चलन सांभाळायचं काम आलं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं, पण त्याचा रुपया एकदम संपला नाही. सरकारनं सात हालीला सहा भारतीय रुपये हा दर पक्का केला आणि १९५९ पर्यंत हाली घेतला जात होता.

आजींचं लग्न त्याच्या थोडं आधीचं. निघताना आईनं त्यांच्या बटव्यात गुपचूप पस्तीस रुपये हाली घातले होते, नोटांत. वर हा एक चांदीचा. दूध विकून साठवलेले. कुणाला सांगू नको, अडीनडीला ठेव, असं बजावलं होतं. आजींनी ते उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवले आणि खरंच कुणाला सांगितलं नाही. पस्तीस हालीचे बरोबर तीस रुपये मिळाले असते. त्या काळात तीस रुपये! पण मुदत कधी संपली हे त्यांना कळलंच नाही. विचारायचं तर पैसे आहेत हे घरात सांगावं लागलं असतं. पुढं थोरल्या मुलाच्या आजारपणात त्यांनी मडकं उघडलं. बँकेत नोटा कोणी घेतल्या नाहीत. घरातल्या मुलांनी त्या खेळायला नेल्या. चांदीचा रुपया तेवढा राहिला, कारण त्याची किंमत सरकारच्या शब्दावर नव्हती, त्यातल्या चांदीत होती.

"आईला कधी सांगितलं नाही मी," आजी म्हणाल्या. "ती गेली तोवर तिला वाटत होतं, पोरीकडं पैसे आहेत."

तुमच्याही घरी जुन्या पेटीत चारमिनारचा रुपया असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. काटा आम्ही आणतो.