नवा प्रशिक्षक आणि जुने मैदान

१४ ऑक्टोबर २०२५ ची ती सायंकाळ. गोंदिया परिसरात हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. शेजारच्या घरी दिवाळीच्या फराळाची तयारी चालली होती आणि आमच्या घरची मुले दूरदर्शन संचापुढे ठाण मांडून बसली होती. मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत आणि सिंगापूर यांच्यात आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा सामना होता. चौदाव्या मिनिटाला छांगतेने गोल केला, तेव्हा आमच्याकडे झालेला आरडाओरडा ऐकून शेजारी दारापर्यंत आले. पुढे सिंगापूरच्या एकाच खेळाडूने मध्यंतरापूर्वी एक व मध्यंतरानंतर एक असे दोन गोल केले. भारत १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

माझा पुतण्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळतो. त्यांचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून बहुधा पहिल्याच फेरीनंतर परत येतो. परंतु त्या वर्षी महाविद्यालयात नवे क्रीडाशिक्षक आले होते आणि मुलांनी उपांत्य फेरीपर्यंतची स्वप्ने रंगवली होती. सामना संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, नवीन सर आले की टीम बदलते ना?"

प्रश्न घरातला असला तरी त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्याच्या मनात अर्थातच खालिद जमील होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा देशभरच्या फुटबॉलप्रेमींना भरते आले होते. आलेल्या १७० अर्जांतून ही निवड झाली होती, आणि २०१२ मध्ये साव्हियो मदेरा गेल्यानंतर प्रथमच हे पद पूर्ण वेळ एका भारतीयाकडे आले होते. जमील यांचा जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द घडली ती मुंबईत, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाच्या संघांत. पुढे २००९ ते २०१६ अशी सात वर्षे त्यांनी तुटपुंज्या पैशांवर चालणारा मुंबई एफसी हा संघ आय-लीगमध्ये टिकवून धरला. ते मिझोरामच्या ऐजॉल संघाकडे गेले आणि त्याच, २०१६-१७ च्या हंगामात ऐजॉल विजेता ठरला. इकडे मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर फेकला गेला. एका माणसाने जागा बदलली आणि दोन संघांचे दैव बदलले! एवढे डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांनी आशा धरली, तर त्यांना भाबडे कसे म्हणावे?

आरंभही दृष्ट लागण्यासारखा झाला. ऑगस्टच्या अखेरीस ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून आणि पुढे ओमानला पेनल्टीत हरवून भारताने मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. मग ऑक्टोबर आला. सिंगापुरात १-१ अशी बरोबरी, मडगावला पराभव, आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ अशी हार. तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी जयजयकार केला, तेच आता बोटे मोडू लागले.

आता थोडे मागे जाऊ. भारताच्या फुटबॉलचा सुवर्णकाळ ज्यांच्या नावाशी जोडलेला आहे, ते सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. २०२४ च्या 'मैदान' या चित्रपटामुळे नव्या पिढीला ते ठाऊक झाले. १९५१ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, आणि दुसऱ्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि थंडी हाडे गोठवणारी होती. आजचा काळ असता तर त्या रात्रीच प्रशिक्षकाच्या राजीनाम्याची मागणी झाली असती. रहीम राहिले. चार वर्षांनी मेलबर्नला मुंबईचा, मूळचा गोव्यातील आसगावचा नेव्हिल डिसोझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. त्या वर्षी भारत चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक मिळाले, तेव्हा रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

रहीम यांचे यश सांगताना लोक बहुधा त्यांच्या कठोर शिस्तीविषयी व डावपेचांविषयी बोलतात. ते खरेच आहे. पण माझ्या मते कळीची गोष्ट निराळी होती. रहीम हे केवळ देशाचे प्रशिक्षक नव्हते. हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे ते अनेक वर्षे, अखेरच्या श्वासापर्यंत, चिटणीस होते. हैदराबाद पोलीस संघाचे ते प्रशिक्षक होते आणि या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर येऊन रोव्हर्स चषक नेला. (आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, ही आठवण जाता जाता.) कमकुवत पायानेच चेंडू मारायचा, अशा स्पर्धा त्यांनी पोरांसाठी भरवल्या. तुलसीदास बलराम या गरीब मुलाला सरावाला येता यावे म्हणून सायकलभाड्याचे पैसे त्यांनी दिले. देशाच्या संघात त्यांनी उभे केलेले अनेक खेळाडू असे त्यांच्याच अंगणात वाढलेले होते. देशाने रहीम यांना बोलावले, तेव्हा ते आपले मैदान बरोबर घेऊन आले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मैदान मागे राहिले तर काय होते, याची कथा सातासमुद्रापलीकडच्या एका कॅथॉलिक विद्यापीठात घडली. होली क्रॉस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ मध्ये स्थापलेले अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठ हे तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचे जणू तीर्थक्षेत्र. हा फुटबॉल आपला नव्हे; लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा व अंगावर अंग घालण्याचा तो खेळ. परंतु तेथे विद्यार्थ्यांचे सामने पाहायला हजारो लोक लोटतात आणि महाविद्यालयाच्या मुख्य प्रशिक्षकाची नेमणूक ही मोठी बातमी होते. नोत्र दामच्या प्रेक्षागारात त्या काळी सुमारे ५९ हजार माणसे बसत.

१९८१ च्या हंगामासाठी विद्यापीठाने जेरी फॉस्ट यांची निवड केली. फॉस्ट यांनी महाविद्यालयीन संघाला त्यापूर्वी कधीच शिकवले नव्हते! सिनसिनाटी शहरातील मोलर या कॅथॉलिक शाळेचे ते अठरा वर्षे प्रशिक्षक होते. तेथे त्यांनी १७४ सामने जिंकले होते आणि अवघे १७ गमावले होते. माणूस श्रद्धाळू, लहानपणापासून नोत्र दामचे वेड असलेला. ही निवड म्हणजे विलक्षण धाडस होते, पण चाहत्यांना ती परीकथा वाटली. आपल्यासारखाच एक साधा कॅथॉलिक शाळाशिक्षक त्या सिंहासनावर बसला, ही भावना त्या आनंदाच्या मुळाशी होती. १२ सप्टेंबर १९८१ रोजी पहिला सामना २७-९ असा जिंकला. देशाच्या क्रमवारीत नोत्र दाम पहिले आले. आठवड्याने मिशिगनने त्यांना २५-७ असे लोळवले. तो हंगाम पाच विजय व सहा पराभवांवर संपला. १९६३ नंतर असे प्रथमच घडले होते.

विद्यापीठाचे प्रमुख तेव्हा फादर थिओडोर हेसबर्ग होते. फॉस्ट यांच्याशी पाच वर्षांचा करार होता आणि अपयश येत असूनही त्यांना मध्येच काढले गेले नाही. १९८५ च्या अखेरीस फॉस्ट यांनी स्वतःच राजीनामा दिला. त्यांच्या खाती ३० विजय, २६ पराभव आणि एक बरोबरी जमा होती. मग लू होल्ट्झ आले, आणि १९८८ मध्ये नोत्र दाम राष्ट्रीय विजेते ठरले. म्हणजे वेळ दिला की सारे जमते, असेही नाही; फॉस्ट यांना वेळ मिळाला होता. मोलरमध्ये कोवळी मुले वर्षानुवर्षे त्यांच्या हाताखाली घडत होती. नोत्र दामला समोर तयार झालेले, इतरांनी घडवलेले तरुण आले, आणि पलीकडच्या बाजूला उभे होते ते या वयाच्या खेळात मुरलेले प्रशिक्षक.

२०२४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ८९ व्या वर्षी, फॉस्ट निवर्तले. नोत्र दाममध्ये आपल्या वाट्याला फक्त २६ दुःखाचे दिवस आले, जे हरलो ते, असे ते सांगत. विद्यापीठाविषयी त्यांनी कटुता बाळगली नाही.

आपल्याकडे गोव्याच्या दोघांची गतही थोडीफार अशीच झाली. आर्मांदो कुलासो यांनी धेंपो संघाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०११ मध्ये ते देशाचे प्रशिक्षक झाले आणि काही महिन्यांत पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या साव्हियो मदेरा यांनी डिसेंबरात दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला ४-० असे नमवले. तीनच महिन्यांनी काठमांडूला तिन्ही सामने हरले, एकही गोल न करता.

जमील यांच्या हाती काय होते? सरावाला मोजके दिवस. मोहन बागानने पहिल्या स्पर्धेसाठी आपले खेळाडू सोडले नाहीत. आणि जुलै २०२५ मध्ये देशातील प्रमुख लीगच स्थगित झाली होती. मडगावचा सामना झाला तेव्हाही ती सुरू झालेली नव्हती. ऐजॉलला रोज सकाळी ज्यांना हाक मारता येत होती, तशी मुले येथे नव्हती. चूक प्रशिक्षकाची अजिबात नव्हती, असे मी म्हणणार नाही. सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊन ती गमावली, हे उघड आहे. पण पायाखालचे मैदान ओसाड असताना आपण सारे फक्त माणसाकडे पाहत होतो.

हे सारे मी पुतण्याला त्या रात्री आणि पुढच्या एकदोन रात्री सांगितले. रहीम आणि बलरामच्या सायकलीची गोष्ट त्याला आवडली. फॉस्ट यांची ऐकताना तो चुळबुळ करत होता. शेवटी उठला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी जाऊन स्पर्धेच्या तारखेपासून मागे बोटाने दिवस मोजू लागला. रविवार धरले, दिवाळीची सुट्टी वगळली, परीक्षेचे दोन दिवस वगळले.

"एकोणीस," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "सुट्टीतही सरावाला याल का म्हणून सरांना विचारतो."